मेंदूला मार लागलेल्या मुलाचे घर आणि शाळा: तासगाव तालुक्यातील एका आईला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. तासगाव तालुक्यातील एका गावचा दहा वर्षांचा मुलगा जानेवारीत वडिलांच्या मोटारसायकलवर मागे बसून येत असताना, ट्रॉलीतून रस्त्यावर सांडलेल्या उसावरून गाडी घसरली आणि त्याच्या डोक्याला मार लागला. चार दिवस तो बेशुद्ध होता, तीन आठवडे दवाखान्यात होता. शस्त्रक्रिया करावी लागली नाही. आता तो चालतो, बोलतो, जेवतो. डाव्या हातात थोडी कमजोरी राहिली आहे आणि फिट येऊ नये म्हणून गोळी चालू आहे. जूनपासून तो गावातली मराठी शाळा सोडून पाचवीला हायस्कूलमध्ये जाऊ लागला. लक्ष देत नाही, वही अपुरी ठेवतो, उलट बोलतो अशा तक्रारी तेथून येतात. घरी आल्यावर तो आरडाओरडा करतो आणि धाकट्या बहिणीला मारतो. वडिलांच्या मते दवाखान्यात लाड झाल्यामुळे तो हट्टी झाला आहे. आजींना बाहेरचे काही असावे असे वाटते. आईने तीन गोष्टी विचारल्या आहेत: हा स्वभाव आहे की माराचा परिणाम, तो पहिल्यासारखा होईल का, आणि शाळा बदलावी का.

ताई, सांगली आणि मिरज मिळून बावीस वर्षे मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामे पुन्हा करता यावीत म्हणून उपचार करणारी, म्हणून मुलांबरोबर काम करते आहे. आपल्या पत्रातील एका वाक्याखाली मी रेघ मारून ठेवली: "सकाळी तो शहाण्यासारखा असतो, संध्याकाळी वेगळाच मुलगा घरी येतो." हट्टी मूल सकाळीही हट्टी असते. दिवस चढेल तसे ज्याचे वागणे ढासळते आणि झोप झाल्यावर पुन्हा सावरते, त्याचा स्वभाव बिघडलेला नसतो. त्याचा मेंदू दमलेला असतो. आपल्या मुलाच्या बाबतीत माझा पहिला कयास तोच आहे. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान होत नाही, हे धरून पुढचे वाचावे.

शस्त्रक्रिया लागली नाही म्हणजे मार फार नव्हता, असे आपल्याला कोणीतरी सांगितलेले दिसते. हा समज सर्रास आढळतो आणि त्याने मुलांचे फार नुकसान होते. कवटीच्या आत रक्त साकळून मेंदूवर दाब आला तर शस्त्रक्रिया करतात. परंतु वेगात असलेले डोके एकाएकी थांबते तेव्हा मेंदू आतल्या आत हिसका खातो, पिळवटतो, आणि त्याच्या एका भागाला दुसऱ्या भागाशी जोडणारे बारीक तंतू ताणले जातात, काही तुटतात. त्यावर शस्त्रक्रिया नसते. सिटी स्कॅनमध्ये ही इजा बहुधा नीट दिसतही नाही; एमआरआयमध्ये काही अंशी दिसते. वादळ होऊन गेल्यावर द्राक्षबागेचे खांब उभेच असतात, रस्त्यावरून बाग धड दिसते, पण आत गेल्यावर मंडपाच्या तारा सैल झालेल्या हाताला लागतात. तसे हे आहे. डिस्चार्ज कार्डावर 'जीसीएस' असे लिहून पुढे आकडा असतो, तो पाहा. शुद्धीची ही मोजणी ३ ते १५ अशी असते. दाखल करताना १३ ते १५ असेल तर मार सौम्य, ९ ते १२ असेल तर मध्यम आणि ८ किंवा त्याखाली असेल तर गंभीर धरतात. चार दिवस बेशुद्ध असलेल्या मुलाचा मार सौम्य नसतो.

हा आकडा वडिलांनाही दाखवा, परंतु वाद जिंकण्यासाठी नको. गाडी ते चालवत होते. मुलगा पूर्ण बरा झाला असून आता केवळ लाडावला आहे, असे मानण्याची अशा वडिलांना किती गरज असते, हे मी बऱ्याच घरांत पाहिले आहे. पुढच्या भेटीला मुलाला त्यांनाच घेऊन येऊ द्या. जे आपण सांगून पटत नाही, ते टेबलापलीकडे बसून डोळ्यांनी पाहिल्यावर पटते.

थकवा हा शब्द मी वापरला, पण तो खेळून दमल्यासारखा थकवा नसतो. फळ्यावरचे वाचायचे, ते डोक्यात धरून मान खाली घालायची, वहीत उतरवायचे, आणि त्याच वेळी शेजारच्या बाकावरच्या कुजबुजीकडे दुर्लक्ष करायचे, ही कामे निरोगी मेंदू आपोआप करतो. मार लागलेल्या मेंदूला त्यातले प्रत्येक काम जोर लावून करावे लागते. याच वयाच्या एका मुलाला मी एकदा बेदाणे निवडायला बसवले होते: पिवळे एका वाटीत, काळपट दुसरीत, काड्या तिसरीत. पहिली आठ मिनिटे एकही चूक झाली नाही. नवव्या मिनिटाला त्याने डोळे चोळले, दहाव्याला खुर्चीत चुळबुळ केली, अकराव्याला काड्या पिवळ्यांच्या वाटीत जाऊ लागल्या, आणि मी "नीट बघ" एवढेच म्हणताच तिन्ही वाट्या जमिनीवर गेल्या. ओशाळलेल्या आईने धपाटा घालायला हात उचलला, तो मी धरला, कारण चूक माझी होती. त्याने डोळे चोळले तेव्हाच मी काम थांबवायला हवे होते. दहा मिनिटे सतरंजीवर आडवा झाल्यावर तो आपणहून उठला आणि त्याने सगळे बेदाणे गोळा केले.

आपल्या मुलाचेही असे 'डोळे चोळणे' असणारच. कोणी कानाची पाळी ओढतो, कोणाचा चेहरा पांढरा पडतो, कोणी उगाच खिदळतो, कोणी एकच गोष्ट चार वेळा विचारतो. ती खूण ओळखणे हे आपले पहिले काम आहे. त्यासाठी दोन आठवडे एक वही घाला: तो किती वाजता उठला, काय करत होता, खूण किती वाजता दिसली, त्यानंतर भडका उडाला का आणि किती वेळाने शांत झाला. मते लिहू नका, वेळा लिहा. दोन आठवड्यांत बहुधा दिसेल की खूण आणि भडका यांच्यात पाच-दहा मिनिटांचे अंतर असते. आपल्याला जे काही करायचे आहे ते त्या पाच-दहा मिनिटांत करायचे आहे.

विश्रांती दमल्यावर देऊन भागत नाही, ती दमण्याआधी द्यावी लागते. विश्रांती म्हणजे कमी उजेडाच्या खोलीत, आवाज नसलेल्या जागी डोळे मिटून किंवा नुसते छताकडे पाहत पंधरा-वीस मिनिटे पडून राहणे. मोबाईल ही विश्रांती नाही; दर सेकंदाला बदलणारी चित्रे पाहणे हे मेंदूचे कामच आहे, आणि मोबाईल काढून घेतल्यावर जो गोंधळ होतो त्यातला निम्मा त्या कामाचाच थकवा असतो. शाळेतून आल्यावर पहिला पाऊण तास त्याला काहीही विचारू नका. आज काय शिकवले, डबा का उरला, बाई काय म्हणाल्या, हे आपल्याला मायेचे प्रश्न वाटतात. त्याच्यासाठी तो आठवा तास असतो. हातपाय धुणे, खाणे, पडून राहणे एवढेच होऊ द्या. अभ्यास संध्याकाळी उरकण्याचा आग्रह सोडून पहाटे किंवा सकाळी वीस मिनिटे घ्या. रात्रीच्या झोपेची वेळ मात्र सुट्टीतही बदलू नका.

दुसरी गोष्ट वेगाची. अशा मुलांना पुष्कळदा सगळे येत असते, फक्त उशिरा येते. त्याच वयाच्या मुलीला मी विचारले, "काल रात्री काय जेवलीस?" आणि मनात आकडे मोजू लागले. तिसऱ्या आकड्याला आई म्हणाली, "सांग की, पिठलं केलं होतं." पाचव्याला आजी म्हणाल्या, "तिला आठवत नाही हो." मी दोघींना हाताने थांबवले. नवव्या आकड्याला मुलगी म्हणाली, "पिठलं, आणि ठेचा नको म्हटलं." तिला सगळे आठवत होते, घरातल्या कोणालाही नऊ आकडे दम धरता येत नव्हता. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजायचे आणि तोवर तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारायचा नाही. तसे केले तर त्याच्या डोक्यात एकाऐवजी दोन प्रश्न होतात आणि दोन्ही निसटतात. सूचनाही एका वेळी एकच द्यावी. "दप्तर ठेव, हात धू आणि ताट घे" हे आपल्याला एक वाक्य वाटते, त्याच्यासाठी ती तीन कामे असतात आणि त्यांतले मधले गळते.

शाळेबद्दल. गावच्या शाळेत चार वर्षे त्याचे एकच शिक्षक होते, त्यांना तो माहीत होता, वर्ग एक होता. हायस्कूलमध्ये दर तासाला माणूस बदलतो, आवाज बदलतो, वही बदलते, वर्गात दुप्पट-तिप्पट मुले असतात. अपघात झाला नसता तरी जून-जुलै कठीणच गेले असते. मेंदूच्या पुढच्या भागाकडे, म्हणजे कपाळामागच्या भागाकडे, नियोजन करणे, मन आवरणे, एकातून दुसऱ्या कामात जाणे ही खाती असतात, आणि हा भाग साधारण पंचविशीपर्यंत घडत राहतो. डोक्याच्या मारात तोच सहज सापडतो. लहानपणी मार लागला तर मेंदू लवचिक असल्यामुळे सगळे भरून निघते, असे जे म्हणतात ते अर्धेच खरे आहे. जे काम अजून शिकायचे आहे त्याची जागाच दुखावली असेल, तर उणीव आज दिसत नाही. ते काम करण्याची वेळ येते तेव्हा दिसते.

हे मी एका मुलाच्या बाबतीत चुकून शिकले. पाच वर्षांचा, उसाच्या ट्रॉलीवरून पडलेला मुलगा वर्षभरात छान चालू-बोलू लागला, आणि मी त्याच्या आईवडिलांना "आता यायची गरज नाही" असे सांगून मोकळी झाले. तो परत आला तेव्हा आठवीत होता, दोन शाळा बदलून झाल्या होत्या, आणि मधल्या वर्षांत कोणत्याही शिक्षकाला त्या जुन्या अपघाताविषयी कोणी सांगितले नव्हते, कारण मीच तो विषय संपवला होता. तेव्हापासून मी कोणालाही 'आता येऊ नका' म्हणत नाही. पाचवी, आठवी आणि दहावी या तीन टप्प्यांवर, सगळे ठीक असले तरी, दाखवून जायला सांगते.

म्हणून शाळा बदलू नका. नव्या शाळेत इमारत, रस्ता, चेहरे हे सगळे पुन्हा शिकण्यात त्याची उरलीसुरली शक्ती जाईल. आपण वर्णन केल्यावरून विशेष शाळेचीही गरज मला दिसत नाही. आहे त्याच शाळेत दिवसाची रचना बदलून घ्या. मुख्याध्यापकांना आणि वर्गशिक्षकांना एकत्र भेटा, सोबत डिस्चार्ज कार्डाची प्रत आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे किंवा थेरपिस्टचे पत्र न्या, आणि तक्रारींना उत्तर देत बसण्याऐवजी नेमक्या मागण्या ठेवा. पहिला महिना त्याला पाच तासच बसू द्यावे आणि नंतर दर पंधरवड्याला एक तास वाढवावा. तिसऱ्या तासानंतर पंधरा मिनिटे एखाद्या शांत खोलीत पडू द्यावे. मधली सुट्टी ही विश्रांती नसते, पाचशे मुलांच्या गलक्यात कोणाला विश्रांती मिळते? बाक पुढचा, खिडकी-दारापासून दूरचा, आणि तो डावीकडून कमी पाहत असेल तर फळा उजव्या हाताला येईल असा असावा. फळ्यावरून उतरवून घेणे हे त्याच्यासाठी सर्वांत महाग काम आहे, म्हणून एका मित्राच्या वहीची झेरॉक्स चालावी. दहा गणितांऐवजी चार सोडवू द्यावीत. चार बरोबर आली तर त्याला येते हे सिद्ध झाले. वेळापत्रक मोठ्या अक्षरांत बाकावर चिकटवावे. आणि काही बिनसले तर त्याने कोणाकडे जायचे, त्या एका शिक्षकाचे नाव ठरवून द्यावे.

यांतल्या दोन-तीन मागण्या मान्य झाल्या तरी फरक पडतो. शिक्षकांकडून विरोध होतो तो सहसा दुष्टपणाने नसतो. "त्याला दिले तर बाकीची मुले काय म्हणतील" ही त्यांची खरी अडचण असते, आणि त्यावर माझा अनुभव असा की बाकीच्या मुलांना, अपघात झाला होता आणि डोके अजून दमते, एवढे सरळ सांगितले तर ती मोठ्यांपेक्षा लवकर समजून घेतात. तालुक्याच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. त्यांना शाळेत बोलावून घेता येते, आणि पालकांपेक्षा त्यांचे म्हणणे शाळा अधिक ऐकते.

आता मारहाणीबद्दल. सगळा राग थकव्यावर ढकलण्याआधी एक गोष्ट तातडीने पाहा: फिटची गोळी कोणती आहे? त्यात लेव्हेटिरासिटॅम असेल, तर काही मुलांमध्ये चिडचिड, रडकेपणा आणि आक्रमकपणा हा त्या औषधाचाच परिणाम असतो. गोळी स्वतःहून बंद करू नका, एकदम बंद केल्याने फिट येऊ शकते; पण मेंदूविकारतज्ज्ञांना हे शब्द वापरून विचारा, कारण मात्रा किंवा औषध बदलता येते, आणि अपघातानंतर एकही फिट आलेली नसेल तर गोळी किती काळ चालू ठेवायची हाही रास्त प्रश्न आहे. त्याच भेटीत डोळे आणि कान तपासून घ्या. एकाच्या दोन प्रतिमा दिसणे किंवा नजरेची एक बाजू जाणे ही गोष्ट मुले स्वतःहून सांगत नाहीत, त्यांना वाटते सगळ्यांना असेच दिसते. वासाचीही चौकशी करा. वासाचे तंतू कवटीच्या तळाशी फार नाजूक असतात, डोक्याच्या हिसक्यात ते तुटतात, आणि मग जेवणाला चव लागत नाही. "पूर्वी आवडीने खायचा, आता ताट सरकवतो" याचे कारण हट्ट नसून हेच असू शकते. त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधून नाकाशी कॉफीची पूड धरा, मग काहीच न धरता विचारा. दोन्ही वेळा उत्तर एकच आले तर डॉक्टरांना सांगा.

भडका उडालेला असताना समजावू नका. त्या वेळी शब्द आत पोहोचत नाहीत, आणि आपण जितके बोलू तितका गोंगाट वाढतो. बहिणीला दूर न्या, आवाज खाली आणा, त्याच्या ठरलेल्या कोपऱ्यात त्याला जाऊ द्या. मारायचे नाही हा नियम मात्र सैल करू नका. मेंदूला मार लागला म्हणून सगळे माफ, असे झाले तर ते मूल घरात एकटे पडते. तासाभराने, तो शांत असताना, दोन वाक्यांत सांगा आणि बहिणीसाठी त्याच्या हातून एखादे काम करवून घ्या. दुसऱ्या दिवशीची शिक्षा निरुपयोगी असते. कालचा प्रसंग आणि आजची शिक्षा यांची गाठ त्याच्या डोक्यात बसत नाही, त्याला फक्त आज उगाच मार मिळाला एवढेच उरते.

डाव्या हातासाठी महागड्या उपकरणांची गरज नाही. कमजोरी थोडी आहे, म्हणजे दोन्ही हात लागतील अशी कामे रोज घडली पाहिजेत, आणि त्यासाठी आपल्या घराइतकी चांगली जागा नाही: भुईमुगाच्या शेंगा फोडणे, लसूण सोलणे, डब्याचे झाकण फिरवणे, पिळून कपडे वाळत घालणे, सायकलच्या चाकात हवा भरताना पंप धरणे. शेंगा मला विशेष आवडतात, कारण डाव्या हाताने शेंग धरल्याशिवाय ती फुटत नाही आणि बक्षीस लगेच तोंडात जाते. रोज एक ओंजळ पुरे. चांगला हात बांधून कमजोर हात वापरायला लावण्याची पद्धत शास्त्रशुद्ध आहे, परंतु ती थेरपिस्टच्या देखरेखीखाली ठरावीक तासच करायची असते. शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून दिवसभर हात बांधून ठेवलेली मुले मी पाहिली आहेत, ती फक्त चिडतात.

फिट आलीच तर त्याला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही द्या, घड्याळ पाहा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवल्याने फिट थांबत नाही, ती बहुतेक वेळा आपणहून थांबते आणि श्रेय चपलेला जाते. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर न येता पुन्हा आली, तर लगेच दवाखान्यात न्या. नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा घरी ठेवावा का, हे डॉक्टरांना विचारून ठेवा. फिट नसतानाही वाढत जाणारी डोकेदुखी, सकाळच्या उलट्या, चालताना तोल जाणे, नेहमीपेक्षा जास्त गुंगी यांतले काही दिसले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. मेंदूतील पाणी साठण्याची ती लक्षणे असू शकतात आणि ते मारानंतर काही महिन्यांनीही होते. उंची वाढायची थांबली किंवा वयात येण्याची चिन्हे फार लवकर दिसू लागली, तर तेही सांगा, कारण मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीलाही मार बसलेला असू शकतो.

आजींशी भांडू नका. त्यांनी अंगारा लावला तर लावू द्या, मात्र पोटात काही द्यायचे नाही, धूर द्यायचा नाही, मारहाण होईल अशा ठिकाणी न्यायचे नाही आणि गोळी चुकवायची नाही, या चार अटी स्पष्ट ठेवा. मेंदूच्या टॉनिकांबद्दल मी अधिक कडक आहे, कारण त्यात घरचे पैसे जातात. सिटिकोलिन हे औषध डोक्याच्या मारानंतर सर्रास लिहिले जाते. अमेरिकेत बाराशेहून अधिक प्रौढ रुग्णांवर झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही. मूलपेशींच्या इंजेक्शनांची जाहिरात कोणी दाखवली तर त्या वाटेला जाऊच नका. तेवढ्या रकमेत वर्षभराची थेरपी आणि एसटीचे भाडे निघते.

कागदपत्रांचे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारची दिव्यांगता दिली आहे. मेंदूचा मार असा वेगळा प्रकार त्यात नाही, त्यामुळे प्रमाणपत्र परिणामावर मिळते, म्हणजे हाताची कमजोरी, वाचा किंवा बौद्धिक क्षमता यांवर. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगता ठरली तर ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. सुधारणा चालू असताना कायमचे प्रमाणपत्र मागण्याची घाई करू नका; तात्पुरते मिळू शकते. आपल्या मुलाचे कदाचित ४० टक्क्यांत बसणारही नाही, आणि तसे झाले म्हणून त्याची अडचण खोटी ठरत नाही. शाळेतील वर सांगितलेल्या बहुतेक सोयींना प्रमाणपत्र लागतच नाही. निरामय विमा योजनेबद्दल पुष्कळजण विचारतात. तिच्यात १ लाख रुपयांपर्यंतचा खर्च मिळतो, पण ती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी (जन्माच्या सुमारास मेंदूला इजा होऊन आलेली हालचालींची अडचण), बौद्धिक दिव्यांगता आणि बहुदिव्यांगता या चारांसाठीच आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीला येते तेव्हा मुलाचे नाव आवर्जून पुढे करा. चालता-बोलता मुलगा पाहून ते पुढे निघून जाण्याची शक्यता असते. अपघाताच्या भरपाईचा दावा चालू असेल तर लवकर तडजोड करू नका; मुलाचे पूर्ण नुकसान किती हे दहाव्या वर्षी सांगता येत नाही.

तो पहिल्यासारखा होईल का, हा प्रश्न मी शेवटी ठेवला, टाळण्यासाठी नव्हे. पहिल्या सहा महिन्यांत सुधारणेचा वेग सर्वांत जास्त असतो, ते संपले आहेत. पुढची सुधारणा हळू होते पण वर्षानुवर्षे होत राहते. हात बहुधा आणखी सुधारेल. थकवा कमी होईल, पण इतर मुलांपेक्षा तो लवकर दमेल असे मी धरून चालेन. जानेवारीपूर्वीचा मुलगा जसाच्या तसा परत येईल असे आश्वासन मी देत नाही, आणि जो कोणी देईल त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

बहिणीला विसरू नका. सात-आठ वर्षांच्या मुलीला सांगता येते की दादाच्या डोक्याला आतून लागले आहे, ते दिसत नाही, आणि तो ओरडतो तेव्हा तुझी चूक नसते. तिने कोणत्या खोलीत जायचे आणि कोणाला हाक मारायची हे ठरवून द्या, आणि रोज पंधरा मिनिटे दादाचा विषय नसलेली, फक्त तिची अशी ठेवा.

दोन आठवड्यांची वही भरली की या. सकाळची वेळ घ्या आणि एसटीने या, मोटारसायकलने नको. हेल्मेट चार वर्षांवरील प्रत्येकाला कायद्याने बंधनकारक आहे आणि ते यापुढे त्याच्या डोक्यावर असलेच पाहिजे, पण भर गर्दीच्या रस्त्याने आणखी एक हिसका ओढवून घ्यायला हे वर्ष योग्य नाही. त्याला खिडकीशी बसवा, वाटेत बोलायला लावू नका. तपासणीआधी अर्धा तास तो आमच्या मागच्या खोलीत आडवा होईल. वडिलांनी तोवर बाहेर बसून जीसीएसचा आकडा असलेले कार्ड माझ्याकडे द्यावे.